सासूबाईंची गरम सीट

सासूबाईंच्या बसण्याच्या जागेखाली वीज सोडायची, आणि तीसुद्धा त्यांच्या संमतीने, असा योग फार थोड्या जावयांच्या वाट्याला येतो. या जावयाच्या वाट्याला तो आला आणि त्याने त्याचं सोनं करायचं ठरवलं.

कारण तसं गंभीर होतं. सासूबाईंचा उजवा खुबा बरीच वर्षं त्रास देत होता. थंड जागी बसल्या की तो असा धरायचा, की उठवायला दोघांनी हात द्यावा लागे. त्यांची धाकटी बहीण घाटापलीकडच्या थंड गावात राहायची. दोघी रोज फोनवर बोलत, एकीच्या घरी दूध उतू गेलं तर दुसरीला वास यावा इतपत, पण भेट अशी होतच नव्हती. धाकटीला गुडघ्यांमुळे जिना उतरता येईना आणि थोरलीला बसच्या गार बाकावर घाट चढवेना. एके दिवशी धाकटी म्हणाली, "ताई, आपण आता एकमेकींना फोनवरच म्हाताऱ्या होताना ऐकायचं का?" सासूबाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी त्या कोणाशी बोलल्या नाहीत. सासूबाई गप्प बसल्या म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, हे घरात सगळ्यांना कळतं.

जावयाकडे वडिलांच्या बेकरीची जुनी व्हॅन होती. गोल नाक, वटारलेल्या डोळ्यांसारखे दोन दिवे, आणि दार लावताना येणारा असा भरीव आवाज, की नुसता तो ऐकायला जावई कधीकधी दार उघडून लावायचा. इंजिन त्याने हौसेने ठणठणीत ठेवलं होतं. गाडीत वीज म्हणाल तर दिवे, वायपर आणि हॉर्न. बाकी बेकरीच्या काळी ऊब पावांचीच असायची.

"आई, मी तुमची सीट गरम करून देतो," जावई म्हणाला. "आपण व्हॅनने जाऊ."

सासूबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "जमेल?"

"जमेल."

"मग एक सांगून ठेवते. वाटेत एकदा जरी गाडी बंद पडली, तर मी तिथेच उतरेन, मिळेल त्या वाहनाने घरी येईन आणि पुन्हा घाटाचं नाव काढणार नाही. धाकटीलाही तसं कळवून टाकेन."

बाकीचं सगळं त्याने हसण्यावारी नेलं असतं. पण धाकटीला कळवायची गोष्ट त्या मनापासून बोलल्या होत्या.

इथे एक सांगायला हवं. सासूबाई या सासूबाई होण्याआधी त्याच्या साहेब होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलचा बोर्ड त्यांच्या हाताखाली चालायचा आणि हा तिथे नवा वायरमन म्हणून लागला होता. त्या बोर्डाच्या पुढे, हा बोर्डाच्या मागे, मधे वायरींचं रान. पलीकडून त्यांचा आवाज यायचा, "तिसऱ्या रांगेत खरखर आहे," आणि हा तारांचे सांधे डाग देऊन जोडायची कावी घेऊन धावायचा. एकदा लाइन तपासताना दोन गिऱ्हाइकांचं भांडण कानावर पडलं आणि हा खुदकन हसला. तेव्हा त्यांनी बोर्डाला वळसा घालून येऊन सांगितलं होतं, "वायरमनने लाइन तपासायची. बोलणं ऐकायचं नाही." त्यांच्या मुलीशी लग्न झाल्यावरसुद्धा त्या त्याला 'वायरमन' म्हणत. 'जावईबापू' ही हाक फक्त रागावल्यावर. आणि त्याच्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे "खरखर नाही." त्यापुढचा एखादा शब्द कधीतरी मिळेल, या आशेवर तो त्यांचे नळ, पंखे, मिक्सर आणि इस्त्री इतकी वर्षं दुरुस्त करत आला होता. तो त्यांना घाबरायचा हे खरं, पण त्याहून जास्त त्याला त्यांचा अभिमान वाटायचा, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

काम मात्र त्याने असं केलं की बघत राहावं. पुढची सीट उघडली, आतला काथ्या आणि स्प्रिंगा बाजूला केल्या, तापणाऱ्या तारांची पातळ गादी बसवली आणि वाकड्या सुईने जुन्याच भोकांमधून टाके घालून सीट अशी शिवली, की ती कधी उघडली होती हे त्या सीटलाही आठवू नये. वायरी त्याने एक्स्चेंजच्या शिस्तीने नेल्या. एकावर एक चढलेली नाही, कुठे लोंबलेली नाही, आणि बोटाबोटाच्या अंतरावर मेणाच्या दोऱ्याची गाठ. व्हॅनच्या पोटाखाली कोणी वाकून बघणार नव्हतं. तरी तिथल्या गाठीसुद्धा एका रांगेत होत्या.

बाजारातली बटणं त्याला पटेनात. एक्स्चेंज मोडीत निघालं तेव्हा जुन्या बोर्डाचा एक तुकडा त्याने घरी आणून ठेवला होता. सागवानी चौकट, पितळी भोकं आणि दोरीला लटकणाऱ्या पिना. दोऱ्यांच्या जागी त्याने जाड वायरी घातल्या, वर बॅटरीचा मीटर बसवला आणि बोर्ड गाडीत लावला. पिन भोकात घातली की वीज चालू, काढली की बंद. वायर सर्वांत कमी लागते म्हणून बोर्ड पुढे डाव्या बाजूला आला, म्हणजे नेमका सासूबाईंच्या गुडघ्यांसमोर. त्यात काही अर्थ आहे असं तेव्हा त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

इथवर थांबता आलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण जावयाला 'नाही' हा शब्द जमत नसे. बायको म्हणाली, आईची सीट गरम आणि माझी गार, हे लोकांना बरं दिसेल का. मग तिची सीट आली. तिच्यामागून चहासाठी किटली आली. जावयाची लेक तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती, तिच्यासाठी दुधाची बाटली गरम करायचा डबा आला. मेव्हणा, म्हणजे सासूबाईंचा मुलगा, बोलावल्याशिवायच येणार होता. त्याला सीट हवी होती, पायाखाली तापणारी पट्टी हवी होती, फोन चार्ज करायला जागा हवी होती आणि गाणी ऐकायला स्पीकर हवा होता. जावई प्रत्येकाला हो म्हणत गेला आणि बोर्डावर एकेक पिन वाढत गेली.

"एवढं सगळं या गाडीला झेपेल?" बायकोने विचारलं.

प्रश्न रास्त होता. जुन्या व्हॅनचा डायनामो दोन दिव्यांपुरती वीज करायचा, वर थोडी शिल्लक. पण जावयाकडे उत्तर तयार होतं. आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये काढलेल्या माणसालाच सुचेल असं ते उत्तर होतं. गावात फोन हजार असले तरी लाइनी हजार लागत नाहीत, कारण सगळी माणसं एकाच वेळी बोलत नाहीत. कोणी जेवत असतं, कोणी झोपलेलं असतं, कोणी रुसलेलं असतं. मोजक्या लाइनींवर अख्खं गाव बोलतं आणि कोणाला पत्ता लागत नाही.

"गाडीतही तसंच," तो म्हणाला. "एकाला थंडी वाजेल तेव्हा दुसऱ्याला उकडत असेल."

हिशेब अगदी बरोबर होता. फक्त फोन हा माणसागणिक वेगळ्या वेळी वाजतो आणि थंडी सगळ्यांना एकदमच वाजते, एवढा फरक त्यातून निसटला होता.

निघायच्या दिवशी सकाळी छान ऊन होतं. सासूबाईंची पिन जावयाने इतर पिनांपेक्षा निराळी ठेवली होती. प्रवासात हलून पितळ घासू नये म्हणून तिला मेणाच्या दोऱ्याची एक सुबक गाठ मारून चौकटीला बांधली होती. एक ओढ दिली की सुटेल अशी. उद्घाटन त्यांच्याच हातून व्हावं, असंही मनात होतं. तो गाठीकडे हात नेणार तोच त्या म्हणाल्या, "मी सोडते वेळ आली की. तुम्ही गाडी काढा." मग त्यांनी बोर्डाकडे नीट पाहिलं, चौकटीवरून एकदा बोट फिरवलं आणि विचारलं, "हा सात नंबरचा ना? डावा कोपरा तुटका होता."

"तोच. कोपरा नवीन बसवला."

"हं," सासूबाई म्हणाल्या. ते कौतुक होतं की नुसता हुंकार, हे ठरवण्यात जावयाचे पहिले काही मैल गेले.

घाट लागेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मेव्हण्याने स्पीकर लावला, बायकोने बंद करायला लावला, पुन्हा मेव्हण्याने लावला. मग रस्ता चढू लागला, ऊन गेलं आणि वळणावळणाला हवा गार होत गेली. पहिली पिन लेकीने लावली, बाळाच्या बाटलीसाठी. मागोमाग बायकोने सीट लावली. मेव्हण्याने दोन सीटांच्या मधून हात घालून आपली सीट लावली, पट्टी लावली आणि हात आत आहेच तर फोनही लावला. "चहा टाकते," म्हणून बायकोने किटलीची पिन खोचली. पुढे एक लाकडं भरलेला ट्रक लागला. तो मुंगीच्या पावलांनी चालला होता, आणि व्हॅनही त्याच्यामागे तशीच. इंजिन संथ झालं, डायनामो संथ झाला. वर धुकं उतरलं. जावयाने दिवे लावले, वायपर लावला.

दिवे लागले ते हळदीच्या रंगाचे. वायपर अर्ध्या काचेपर्यंत गेला, थबकला, विचार करून परत आला. इंजिन एकदा खोकलं.

जावयाने मीटरकडे पाहिलं. गाडी इथे बंद पडली तर बॅटरीत ती पुन्हा चालू करायची ताकद उरलेली नव्हती. मागे उतार, पुढे ट्रक, आणि शेजारी दिलेला शब्द पाळणाऱ्या सासूबाई. त्याला बहिणीच्या घरची ती खिडकी दिसू लागली, जिच्यापाशी धाकटी सकाळपासून खुर्ची टाकून बसली असणार होती.

"कोणीतरी काहीतरी बंद करा," तो कसाबसा म्हणाला.

मग गाडीत जे झालं त्याला चर्चा म्हणायचं. बायको म्हणाली, किटली आता उकळायलाच आली आहे. मेव्हणा म्हणाला, पट्टी काय, कितीशी वीज खाते. लेक म्हणाली, बाळाचं तर कोणी बंद करायला सांगू नका. सगळ्यांचं म्हणणं होतं की बंद करायला हवंच, आणि ते दुसऱ्याने. इंजिन पुन्हा खोकलं, या वेळी जरा लांब.

तेवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला, चष्मा सारखा केला आणि दोन्ही हातांनी बोर्डावर लागलेल्या एकूणएक पिना खेचून काढल्या.

स्पीकर गप्प झाला. किटलीचा सूर पडला. दिवे पांढरे झाले, वायपर तरतरीत झाला आणि इंजिनाने मोकळा श्वास घेतल्यासारखा आवाज केला.

"सर्वांनी कृपया वाट पाहावी," सासूबाई म्हणाल्या. "लाइनी व्यस्त आहेत."

तो आवाज जावयाने बोर्डाच्या मागे बसून वर्षानुवर्षं ऐकला होता. सपाट, स्वच्छ, ना राग ना लोभ. त्या आवाजापुढे मोठमोठे व्यापारी रांगेत उभे राहत. त्याचे हात आपोआप स्टिअरिंगवर सरळ झाले.

"तातडीचे आधी," सासूबाई म्हणाल्या आणि बाळाची पिन लावली. मीटरचा काटा किंचित खाली आला, थांबला. त्यांनी तो डोळ्यांनी मोजला आणि मग बायकोची सीट जोडली. थोड्या वेळाने ती काढून मेव्हण्याची जोडली.

"आई, माझी लगेच काढू नकोस हं," मेव्हणा म्हणाला. "आत्ता कुठे कोमट होतेय."

"आपला वेळ संपत आला आहे."

"अगं, मी तुझा मुलगा आहे."

"आपला वेळ संपला आहे," असं म्हणून सासूबाईंनी पिन काढली.

पोटच्या मुलाला 'आपण' म्हणणारी आई पाहून मेव्हणा इतका गार पडला, की त्याला सीटची आठवणच राहिली नाही. मग त्याने हळूच हात पुढे घालून पट्टीची पिन लावायचा प्रयत्न केला. सासूबाईंनी मागे न बघता त्या हातावर चापट मारली. बोर्डावर दुसऱ्याने हात घालायचा नाही हा नियम एक्स्चेंज बंद पडलं म्हणून रद्द झालेला नव्हता.

"काटा कुठे आहे, आई?" जावयाने विचारलं.

"मधोमध. तुम्ही रस्त्याकडे बघा, वायरमन."

त्याने रस्त्याकडे पाहिलं. बाजूने पिना आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा टक-टक आवाज येत होता, एका लयीत. त्याने जोडलेली प्रत्येक वायर त्या हातांखाली चालत होती. इतकी सगळी माणसं आपण एका डायनामोला बांधून ठेवली, आणि या बाई ती एकेक सोडवून सगळ्यांना पुरवून वाटतायत, हे तो ऐकत होता. धुक्यात नीट दिसेना म्हणून त्याने डोळे पुसले, असं त्याने नंतर सांगितलं.

किटलीचा अर्ज मात्र सासूबाईंनी राखून ठेवला. माथा ओलांडून गाडी उताराला लागली, इंजिन भरभर फिरू लागलं आणि काटा वर चढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता उतारावर लाइन मोकळी आहे. किटली घ्या. बाकी सगळे बंद." पाच-सहा वळणांत पाणी उकळलं. चालत्या गाडीत सगळ्यांना गरम चहा मिळाला, बाळ दूध पिऊन झोपलं आणि मेव्हण्याने पेला परत देताना आईला चक्क "थँक्यू, मॅडम" म्हटलं.

गाडी न थांबता बहिणीच्या दारात पोचली. जावयाने इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला. तोवर सासूबाई उतरल्यासुद्धा. वरच्या खिडकीतून "ताई" अशी हाक आली, आणि ज्या बाईंना सोफ्यावरून उठवायला दोघे लागत, त्या कठड्याला धरून, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत जिना चढून गेल्या. मागोमाग बायको, मेव्हणा आणि बाळाला घेऊन लेक अशी वरात गेली.

सासूबाईंची काठी गाडीतच राहिली होती. जावई ती घ्यायला वाकला आणि त्याचा हात सीटवर टेकला. सीट बर्फासारखी गार होती.

आत्ताच बंद केली असेल, असं त्याला वाटलं. त्याने तळवा आत, टाक्यांपर्यंत दाबून पाहिला. गार. मग त्याची नजर बोर्डावर गेली. सगळ्या पिना हाताळून चकचकीत झाल्या होत्या. सासूबाईंची पिन मात्र कोपऱ्यात तशीच होती, मेणाच्या दोऱ्याच्या गाठीत. त्याने मारलेली गाठ तो कुठेही ओळखू शकला असता. तिला कोणी हात लावलेला नव्हता.

अख्खा घाट त्या बाई गार सीटवर बसून आल्या होत्या. त्यांच्या वाटची वीज बाळाला, मुलीला, मुलाला आणि किटलीला गेली होती. ड्यूटीवर असलेली ऑपरेटर स्वतःचा फोन लावत नाही, हे त्याला माहीत होतं. फक्त त्या आज ड्यूटीवर जातील हे त्याच्या हिशेबात नव्हतं. काठी हातात धरून तो बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिला.

मग तो जिना चढू लागला. शेवटच्या वळणावर आला तेव्हा उघड्या दारातून धाकटीचा आवाज आला.

"ताई, खुबा कसा आहे गं? थंडी बाधली असेल एवढ्या घाटात."

"थंडी कसली," सासूबाई म्हणत होत्या. "जावयाने माझी सीट अशी केलीय ना, अख्ख्या रस्त्यात गरम. शेक घेतल्यासारखा खुबा मोकळा झाला बघ. आणि वायरी काय सुंदर बांधल्यात. तसं काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. छान करतो तो. फार छान."

जावई जिन्यावरच थांबला. हा शब्द ऐकायला त्याने किती पंखे आणि किती इस्त्र्या उघडल्या होत्या. आज तो मिळाला, आणि मिळाला तो एकदाही न तापलेल्या सीटसाठी. हसावं की रडावं ते त्याला कळेना. मग त्याला आठवलं, की वायरमनने बोलणं ऐकायचं नसतं. तो आवाज न करता जिना उतरून खाली गेला आणि पाय आपटत, खाकरत पुन्हा वर आला.

"काठी आणायला एवढा वेळ, वायरमन?" सासूबाईंनी विचारलं. त्या बहिणीचा हात धरून बसल्या होत्या.

"तुमच्या पिनेची गाठ बघत होतो, आई."

सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. धाकटी कौतुकाने दोघांकडे बघत होती.

"घट्ट होती," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी सैल बांधा."

"हो, आई," असं म्हणून त्याने काठी त्यांच्या शेजारी ठेवली. गाठ एका ओढीत सुटणारी होती हे दोघांनाही माहीत होतं. पण त्या 'पुढच्या वेळी' म्हणाल्या होत्या, त्यामुळे बाकीचं त्याने ऐकलंच नाही.